मांजराचे पान

नीतिशास्त्रातील मोठ्या प्रश्नांची चर्चा करावयाची म्हटली की आपल्याकडे उदाहरणेही मोठमोठीच पुढे येतात. कुरुक्षेत्रावरचा अर्जुन, तराजूत बसलेला शिबी राजा, स्मशानातला हरिश्चंद्र यांच्यावाचून धर्माधर्माची गोष्ट बोलताच येत नाही, असा आपला एक समज होऊन बसला आहे. परंतु सामान्य गृहस्थाच्या वाट्याला कुरुक्षेत्र क्वचितच येते. त्याच्या वाट्याला येते ते माजघर. आणि त्या माजघरात सकाळ-संध्याकाळ पायांत घोटाळणारे, जेवणाची वेळ घड्याळाहून अधिक काटेकोरपणे ओळखणारे मांजर. या मांजरापुढे काय वाढावे, किती वेळा वाढावे आणि त्याच्या अंगावरचे केस कोणी विंचरावेत, हे प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक दिसतात. पण ते थोडे उकलून पाहिले तर त्यांच्या तळाशी एक जुना व अवघड प्रश्न आढळतो. तो असा की, ज्याला आपण पोसतो त्याने आपल्या धर्माप्रमाणे जगावे, अशी अपेक्षा करण्याचा पोशिंद्याला अधिकार आहे काय?

हा प्रश्न चालता-बोलता पाहावयाचा असेल तर रत्नागिरीसारखे गाव पाहावे. एकीकडे मिरकरवाड्याचे बंदर. तेथे नौका लागल्या की बांगडा, तारली, मांदेली, कोळंबी यांच्या राशी पडतात. दुसरीकडे जांभ्या दगडाच्या गडग्यांआड, नारळी-आंब्यांच्या सावलीत, पिढ्यान्‌पिढ्या मासळीला न शिवलेली घरे. या दोन जगांमध्ये माणसांनी कित्येक रेषा आखल्या आहेत. परंतु मांजराला त्यांपैकी एकही रेषा मान्य नाही. निरामिष घरी दूधभात खावा, गडग्यावरून उडी टाकून पलीकडच्या परसात मासळी चिरण्याच्या जागी हजेरी लावावी, आणि पुन्हा मूळ घरी येऊन देवघराच्या उंबऱ्याशी डोळे मिटून बसावे, हा त्याचा नित्यक्रम. घरच्या माणसांना ही गोष्ट ठाऊक नसते असे नाही. पण मांजर तोंड पुसून येते, आणि माणसे पाहिले न पाहिलेसे करतात.

या व्यवहारात ढोंगी कोण, याचा निकाल आपल्या परंपरेने फार पूर्वीच मांजराच्या विरुद्ध देऊन टाकलेला आहे. धर्माचे सोंग आणून परक्याचा घात करणाऱ्यास मनुस्मृतीने बैडालव्रतिक म्हटले. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन युधिष्ठिराला हिणविण्यासाठी गंगातीरी तप करणाऱ्या आणि तपाच्या आडून उंदीर खाणाऱ्या मांजराची कथा सांगून पाठवितो. मामल्लपुरम्‌ येथील सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटातही तपस्व्याच्या मुद्रेत उभे राहिलेले एक मांजर आणि त्याच्या पायांशी जमलेले भाविक उंदीर कोरलेले आहेत. डोळे मिटून दूध पिणारे मांजर तर आपल्या रोजच्या बोलण्यातच येऊन बसले आहे. परंतु या सगळ्या आरोपपत्रात एक गोष्ट विसरली जाते. उंदीर न खाण्याचे व्रत मांजराने कधीही घेतलेले नाही. ते व्रत आपण त्याच्या गळ्यात बांधले, आणि ते मोडले म्हणून त्याला ढोंगी ठरविले. घंटा कोणी बांधावी याचा उंदरांच्या सभेला निर्णय करता आला नाही. व्रत बांधण्याचे काम मात्र माणसाने बिनदिक्कत उरकून घेतले.

त्याच महाभारतातील शांतिपर्वात मात्र याहून प्रामाणिक दृष्टी आढळते. तेथे लोमश नावाचे मांजर जाळ्यात अडकलेले असते, आणि पलित नावाचा उंदीर मुंगूस व घुबड यांच्या कचाट्यात सापडलेला असतो. दोघे एकमेकांना वाचविण्याचा करार करतात व तो पाळतातही. संकट टळल्यावर मांजर मैत्रीचा हात पुढे करते. उंदीर तो नम्रपणे पण ठामपणे नाकारतो. येथे उंदीर मांजराला दुष्ट म्हणत नाही, त्याने शाकाहारी व्हावे असेही सांगत नाही. तो त्याचा स्वभाव ओळखतो आणि त्या स्वभावाला धरून आपले वर्तन ठरवितो. आम्हांस वाटते, मांजराविषयीच्या नीतीचा आरंभ तपस्वी मांजराच्या कथेपासून न करता या शहाण्या उंदरापासून करावा.

आता हा स्वभाव म्हणजे केवळ आवड नव्हे, हे आज आपल्याला प्राचीनांपेक्षा अधिक नेमके सांगता येते. टॉरीन नावाचे एक द्रव्य आहे. ते मांस, मासळी यांत असते. भातात, डाळीत, भाजीत ते जवळजवळ नसते. माणसाचे शरीर ते स्वतः बनवू शकते, मांजराच्या शरीराला ते पुरेसे बनविता येत नाही. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा आतला पडदा झिजत जाऊन त्याला अंधत्व येते, असे १९७५ साली सिद्ध झाले; त्याच्या अभावी हृदयाचा स्नायू पातळ व दुबळा होतो, हे १९८७ साली दाखविण्यात आले. गाजरा-भोपळ्यातील पिवळ्या रंगापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते. मांजराला ते साधत नाही, त्याला ते तयारच मिळावे लागते. गोडाची चव कळविणारी यंत्रणाही त्याच्या जिभेवर चालू नाही, याचे कारण २००५ साली त्याच्या जनुकांत सापडले. तेव्हा आपण मोठ्या प्रेमाने चिमूटभर साखर घालून दूधभात पुढे ठेवतो, त्यातील साखर आपल्या समाधानाची असते. आणि दुधाचे म्हणाल तर, लहानपण सरल्यावर पुष्कळशा मांजरांना दुधातील साखर पचत नाही व त्यांचे पोट बिघडते.

यावर घरातील वडीलधारी मंडळी हसून म्हणतील, ‘आमच्या लहानपणीची मांजरे दूधभातावरच म्हातारी झाली, त्यांना कुठले टॉरीन माहीत होते?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ती मांजरे खरोखरच म्हातारी झाली. परंतु ती दूधभातावर जगली, हे अनुमान चुकीचे आहे. त्या काळच्या कोकणातील घर म्हणजे उंदरांचे संस्थानच. भाताच्या मुड्या आणि कणग्या, माळ्यावरची आंब्याची अढी, पडवीतले नारळ, गोठ्यातला पेंढा, सर्वत्र त्यांचा संचार. मांजराचा खरा आहार या संस्थानात शिजत होता. पाली, टोळ, चिमण्या आणि शेजारची मासळी ही त्याची तोंडीलावणी होती. दूधभात हा घरातील नात्याचा मान होता, अन्न नव्हते. घराची दारे उघडी होती, म्हणून आपला धर्म आपल्याकडे राहिला आणि मांजराचा मांजराकडे. दोघांपैकी कोणालाच त्याचा हिशेब द्यावा लागला नाही.

आज दार बंद झाले आहे, आणि येथेच जुन्या रिवाजाचा पाया ढासळतो. रत्नागिरीतही आता कौलारू घरांच्या जागी मजल्यांवर मजले चढले आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत वाढणाऱ्या मांजराला ना कणगी, ना उंदीर, ना गडगा. त्याच्या आयुष्यातील प्रत्येक घास त्याच्या एका ताटलीतून जातो, आणि त्या ताटलीत काय पडावयाचे हे सर्वस्वी आपल्या हाती असते. जेथे दुसऱ्याचे स्वातंत्र्य आपण संपविले, तेथे त्याची जबाबदारी आपल्याकडे आली, हे तत्त्व पालक व पाल्य यांच्याविषयी आपण मान्य करतो. ते मांजराला लागू करू नये यासाठी कोणते कारण देता येईल, ते आम्हांस तरी सुचत नाही. १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानेही पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा अपराध ठरविला आहे. पण ‘पुरेसे’ हा शब्द पोटाच्या मापाने मोजावयाचा की शरीराच्या गरजेने, हे कायदा घरात येऊन सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.

मग अहिंसाव्रती कुटुंबाने करावे काय? मार्ग चारच दिसतात. पहिला, मांजरालाही निरामिष ठेवावे. यात आपले हात स्वच्छ राहतात, पण मांजराचे डोळे व हृदय त्याची किंमत देतात. म्हणजे मासळीची हिंसा टाळून आपण मांजराची हिंसा करतो, आणि तीही हळूहळू, प्रेमाने गोंजारीत. कारखान्यात कृत्रिम रीतीने बनविलेले टॉरीन व इतर आवश्यक द्रव्ये घातलेले वनस्पतिजन्य खाद्य आज मिळू शकते, हे खरे. ज्यास तो मार्ग धरावयाचा असेल त्याने पशुवैद्याच्या देखरेखीखाली, वेळोवेळी तपासणी करून तो धरावा. परंतु घरचा वरणभात म्हणजे ते खाद्य नव्हे. दुसरा मार्ग, दार उघडे टाकून ‘त्याचे ते पाहील’ म्हणावे. हा आपला परंपरागत मार्ग. त्यात मासळीही मरते, उंदीरही मरतो, पाखरेही मरतात. फक्त आपण पाहत नाही. न पाहिल्याने हिंसा कमी होत नाही, साक्षीदार तेवढा कमी होतो. तिसरा, मांस-मासळी आणून, शिजवून वा तयार खाद्य विकत घेऊन, डोळे उघडे ठेवून त्याच्या पुढे ठेवावी. आणि चौथा, हे करणे आपल्या मनास मानवत नसेल तर मांजर पाळूच नये.

या चारांत तिसरा आणि चौथा हेच दोन प्रामाणिक मार्ग होत, असे आमचे मत आहे. शिबी राजाची कथा आपण शरणागताच्या रक्षणाची म्हणून सांगतो; पण त्या कथेतील ससाण्याचे म्हणणे आपण फारसे ऐकत नाही. ‘कबुतराला अभय देऊन मला उपाशी मारणे हा कोणता धर्म?’ अशी त्याची तक्रार आहे, आणि राजा ती खोटी ठरवीत नाही. ‘तू आजपासून धान्य खा’ असा उपदेश तो ससाण्याला करीत नाही. दयेची किंमत तो स्वतःच्या मांडीतून देतो. आपण सामान्य माणसे; आपल्याकडून मांडीच्या मांसाची अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु दयेची किंमत दुसऱ्याच्या शरीरातून कापून द्यावयाची नाही, एवढा धडा त्या कथेतून घेण्यास काय हरकत आहे? घरात वेगळे पातेले ठेवावे लागणे, बाजारातील ज्या ओळीत आजवर पाऊल टाकले नाही तेथे जावे लागणे, क्षणभर मन कचरणे, ही आपली मांडी. नामदेवाच्या भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तो तुपाची वाटी घेऊन धावला. ‘माझ्या उपवासाच्या दिवशी तूही उपास कर’ असे काही त्याने त्या कुत्र्यास सांगितले नाही. एकादशी आपली असते. मांजराला पंचांग नसते. जाड्या मांजराने दोन-चार दिवस अन्न सोडले तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते प्राणावर बेतू शकते, म्हणून त्याचा उपास हा पुण्याचा विषय नसून वैद्याचा आहे.

तत्त्व ठरले की तपशील आलाच. आणि नीतीची खरी परीक्षा तपशिलातच होते. मासळीच्या गावात राहणाऱ्यास वाटते, मांजराला मासे टाकले की झाले. तेही खरे नव्हे. काही जातींच्या कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. शिजविल्याने ते निष्प्रभ होते. नुसत्या तारलीसारख्या तेलकट मासळीवर दीर्घकाळ ठेवलेल्या मांजराच्या अंगातील चरबीला दाह होऊन ते दुखणाईत होते. नुसती कलेजी रोज घातली तर ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन हाडे जखडतात. म्हणून काटे काढलेली, मीठ-मसाल्यावाचून उकडलेली मासळी, कोंबडी, अंडे यांचा फेर असावा, किंवा सर्व घटक मोजून घातलेले तयार खाद्य मुख्य ठेवून घरचे अन्न जोडीला द्यावे. कांदा-लसूण घातलेले कालवण कदापि देऊ नये. त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात. जून-जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौका बंद असतात व ताजी मासळी दुर्मीळ होते. त्या वेळी खारवलेले सुके बोंबील पुढे टाकून वेळ मारून नेण्याचा मोह होतो, पण त्यातील मीठ लक्षात ठेवावे. मोठ्या मांजरास दिवसातून दोन-तीन वेळा, ठरलेल्या वेळी, मोजून अन्न द्यावे; पिलांना अधिक वेळा, थोडे थोडे. स्वच्छ पाणी नेहमी, आणि शक्य तर अन्नापासून थोडे दूर ठेवावे.

या वेळापत्रकात काव्य नाही, हे कबूल. परंतु त्यात एक जुना शास्त्रीय विचार दडलेला आहे. मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे भेद केले. नित्यकर्माविषयी एक प्रसिद्ध मत असे आहे की, ते केल्याने विशेष पुण्य लागत नाही, मात्र न केल्याने दोष लागतो. धर्मशास्त्राचा विराट इतिहास लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे याच रत्नागिरी जिल्ह्याचे. त्यांच्या ग्रंथांत अशा नित्यकर्मांचा विस्तार पाहून आजचा वाचक दिपून जातो आणि थोडा कंटाळतोही. पण मांजराला रोज वेळेवर वाढणारी घरातील व्यक्ती (बहुधा ती घरातील बाई असते) या मताचा अर्थ कोणत्याही पंडिताइतकाच जाणते. मांजराला आज जेवू घातले म्हणून तिचा कोणी सत्कार करीत नाही. विसरली तर मात्र एक मुका जीव दाराशी बसून राहतो. प्रेम हा उमाळा असेल, पण पालन ही सवय आहे. उमाळ्याने मांजर उचलून आणणारे पुष्कळ. सवयीने ते सांभाळणारे थोडे.

अन्नाइतकाच महत्त्वाचा, आणि अन्नाहून अधिक दुर्लक्षित, असा दुसरा भाग म्हणजे अंगाची निगा. मांजराइतका शुचिर्भूत प्राणी घरात दुसरा नाही. जागेपणाचा केवढा तरी भाग ते अंग चाटण्यात घालविते. त्याच्या जिभेवर शेकडो बारीक, कडक काटे असतात आणि त्यांची टोके घशाकडे वळलेली असतात. या काट्यांच्या टोकांशी पन्हळीसारखी खोलगट जागा असून ती लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचविते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे फणी आणि स्नान दोन्ही एकाच जिभेत. परंतु काटे आत वळलेले असल्याने गळलेला केस थुंकता येत नाही. तो गिळावाच लागतो. बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात. काही पोटात राहून त्यांची वळी बनते, आणि मग मांजर पाठ वाकवून, आचके देत, ती चटईवर आणून टाकते. घरातील मंडळी किळस करतात. वस्तुतः ती वळी म्हणजे त्याच्या स्वच्छतेचाच अवशेष होय. शुचितेचा अतिरेकही कधी कधी पोटात साठतो, असा एखादा बोध कोणास यातून काढावयाचा असेल तर आमची ना नाही.

क्वचित ओकलेल्या अशा गोळ्याची चिंता नको. पण मांजर वारंवार आचके देत असेल आणि काही पडत नसेल, अन्न सोडून कोपऱ्यात बसले असेल, शौचास होत नसेल, तर केसांनी आतडे अडले असण्याचा संभव असतो. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्य गाठावा. घशात बळेच तेल ओतण्याचा घरगुती उपाय करू नये. ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला बाधा होते. आणि प्रत्येक ओकारी व प्रत्येक खोकला केसांच्या माथी मारू नये. त्याआड दम्यासारखा विकारही लपलेला असतो. खरा उपाय साधा आहे: फणी. आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून एक-दोनदा, लांब केसांच्या मांजराला रोज. जितका केस फणीत येईल तितका पोटात जावयाचा वाचतो. काखेत, कानांमागे, पोटाशी गुंते होतात. ते बोटांनी हळूहळू सोडवावेत, कात्री लावू नये, कारण मांजराची कातडी पातळ असून ती गुंत्याबरोबर उचलली जाते. कोकणच्या दमट पावसाळ्यात ओले अंग तसेच राहू देऊ नये.

येथे पुन्हा नीतीचा प्रश्न उपस्थित होतो. गडग्यावरून उड्या मारणाऱ्या आपल्या गावठी मांजराला फणी मिळाली तर बरी, न मिळाली तरी त्याचे चालते. परंतु आता हौसेने पर्शियन मांजरे घरोघर आणली जातात. तो लांब, रेशमी केस आणि ते चपटे नाक मांजराने आपल्यासाठी मिळविलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने ते आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी घडविले. परिणाम असा की, त्या मांजराला स्वतःची जीभ पुरत नाही. चपट्या नाकामुळे त्याला श्वास जड जातो आणि डोळे सतत पाझरतात. अशा प्राण्याला रोज विंचरणे व त्याचे डोळे पुसणे याला माया म्हणणे पुरेसे नाही. ते कर्ज फेडणे आहे. आपल्या पूर्वजांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी ऋणे सांगितली. ज्या प्राण्याची स्वावलंबनाची शक्ती आपल्या हौसेने हिरावून घेतली, त्याच्या ऋणाला आपल्याकडे अद्याप नाव नाही. पण नाव नाही म्हणून ऋण बुडत नाही.

निगा राखण्याचा आणखी एक अर्थ आहे: लक्ष ठेवणे. विंचरणाऱ्या हातालाच गाठ लागते, भरणाऱ्या ताटलीवरूनच भूक मेलेली कळते. या लक्षाचे मोल केवढे असते, याची साक्ष जगातील एका मासेमारी गावाने दिली आहे. जपानातील मिनामाता या किनाऱ्यावरील गावात १९५० नंतरच्या काही वर्षांत मांजरे वेड्यासारखी गिरक्या घेऊ लागली, तोल जाऊन पडू लागली, मरू लागली. लोक त्याला मांजरांचा नाचरा रोग म्हणत. १९५६ साली तोच विकार माणसांत आढळल्याची अधिकृत नोंद झाली. चिस्सो नावाच्या रासायनिक कारखान्याने उपसागरात सोडलेल्या सांडपाण्यातील पारा माशांत, माशांतून मांजरांत आणि माणसांत गेला होता. त्या कारखान्याच्याच रुग्णालयाचे डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ साली चारशे क्रमांकाच्या मांजराला ते सांडपाणी अन्नातून देऊन पाहिले; मांजर त्याच रोगाने पछाडले. ती गोष्ट दाबून ठेवण्यात आली, आणि सरकारने कारण मान्य करावयास १९६८ साल उजाडले. जे आपल्या पानातून खाते ते आपल्या नशिबातही वाटेकरी असते. आणि ज्याच्याकडे आपण लक्ष देत नाही, तो कदाचित आपलेच भविष्य आधी भोगीत असतो.

सर्वांत अप्रिय गोष्ट शेवटी सांगावयाची आहे. मांजरी सुमारे नऊ आठवड्यांत विते. एका वेळी तीन-चार पिले, आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा. मांजर मारणाऱ्यास काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, या भयाने कोणी पिलांना मारीत नाही. त्यांना पिशवीत घालून मासळीबाजाराच्या आसपास सोडून येण्याची चाल मात्र सर्वत्र आहे. ‘तिथे त्यांना मासळी मिळेल’ असे त्यावर समाधान मानले जाते. ज्या घराने आईच्या ताटलीत मासळीचा तुकडा ठेवावयास धर्म आड आणला, तेच घर पिलांना मासळीच्या हवाली करताना निर्धास्त असते! वाहनांखाली, कुत्र्यांच्या तोंडी, भुकेने आणि रोगाने त्यांतील किती जगतात, हे पाहावयास परत कोणी जात नाही. १९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारविली, तेव्हा उसळलेल्या वादात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त एक कटु विचार मांडला होता. बेवारशी कुत्र्याला तुकडा टाकून पुढे जाणे ही दया नव्हे. दया करावयाची तर त्या प्राण्याचा भार उचलावा, असा त्याचा आशय होता. मारण्याच्या बाबतीत त्यांचे मत ज्याला पटणार नाही, त्यालाही या अर्ध्या दयेच्या निषेधाचे उत्तर देता येणे कठीण आहे. आज तर मारण्याची गरजच उरलेली नाही. पशुवैद्याकडे एक लहानशी शस्त्रक्रिया केली की पिशवीचा प्रश्न मिटतो. निसर्गात ढवळाढवळ नको, असे म्हणून जो ती टाळतो, त्याने पिशवी बांधताना निसर्गाला विचारले होते काय, एवढेच त्याला पुसावे.

दक्षिणेतील वैष्णव आचार्यांच्या परंपरेत भक्तीविषयी दोन न्याय सांगितले आहेत. माकडाचे पोर आईला स्वतः घट्ट धरून राहते; तो मर्कटन्याय. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आई त्याला तोंडात धरून हवे तेथे नेते, तो मार्जारन्याय. देवापुढे आपण मर्कट की मार्जार, यावर तेथील दोन संप्रदायांत मोठा वाद झाला. घरात मात्र या वादाला जागा नाही. बंद दारांच्या घरातील मांजराला आपल्याला धरून राहण्याचे फारसे साधन नसते. त्याला आपणच उचललेले असते. म्हणजे येथे आपण पिलू नसून मांजरी आहोत. आणि मांजरी पिलू उचलते ते कशाने? ज्या दातांनी ती उंदराचा मणका मोडते, त्याच दातांनी. तिने अहिंसेचे व्रत घेतलेले नाही, तिचे दात बोथट झालेले नाहीत. तरी पिलाच्या मानेवर ओरखडाही उठत नाही. सामर्थ्य असून ते किती दाबावयाचे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्याला ते शिकावे लागते, आणि त्याची शाळा रोज दोन वेळा, ताटली भरताना आणि फणी हातात घेताना, भरते.